माहेरवाशिणीचं कार्ड

उधारीचं नाव काढलं तरी गुरम्माच्या अंगावर काटा यायचा. तिचा बाप मल्लप्पा कुणाचा एक पैसा न ठेवता गेला, आणि याचा तिला कोण अभिमान! तीच गुरम्मा एका सकाळी भावाच्या सायकलीवर मागं बसून नवी पेठेत निघाली होती, हप्त्यानं शिलाई मशीन बघायला. पदर असा ओढलेला, की ओळखीच्या माणसानंही ओळखू नये. भाऊ पायडल मारत म्हणाला, "ताकाला निगालीस अन् भांडं कशाला लपवतीस? आख्खं सोलापूर हप्त्यावर चाललंय की."

बाहत्तरचा दुष्काळ उलटून दोनेक वर्षं झाली होती. गुरम्माचं लग्न अक्कलकोटकडच्या कल्लप्पाशी झालेलं. मूल होईना, म्हणून सासूनं त्याला दुसरी करून दिली. ही भांडली नाही, रडली नाही, बोचकं उचललं आणि सोलापुरात थोरल्या भावाकडं, शिवयोगीकडं आली. शिवयोगी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमवर. एक खोली, चार पोरं, आणि वैनी. वैनीच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की दिवेलागणीपर्यंत थांबायचा नाही. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" असं ती भांडी घासताना भिंतीला सांगायची. भिंत काय बोलणार? घोडं मुकाट्यानं ऐकायचं आणि चादरींच्या टोकाच्या सुट्या दोऱ्यांच्या दशा वळत बसायचं. तसं बघितलं तर वैनीचंही काय चुकत होतं? पाय पसरायला जागा नसलेल्या खोलीत कुणाच्याही तोंडून तेच निघालं असतं.

एवढं सगळं चाललं असतं. पण सासरहून निरोप आला. दुसरीला जुळं झालं होतं आणि सासू अंथरुणाला खिळली होती. "गुरम्माला धाडून द्या. घर तिचंच हाय." घर तिचंच म्हणे! ती तिथं राबत होती तेव्हा ते घर तिचं नव्हतं, सवत आली तेव्हा नव्हतं, आणि आता गू-मूत काढायला माणूस पाहिजे झालं तसं लगेच तिचं झालं. गुरम्मानं भावाला सांगितलं, "अण्णा, हीर जवळ करीन, पर तितं पाय ठेवणार न्हाई."

शिवयोगी चांगला माणूस, पण पाठीचा कणा जरा नरमच. तो म्हणाला, "मग सोताच्या पायावर हुबी ऱ्हा बाई. मी त्यांस्नी किती दिस तोंड देऊ?"

उभं राहायचा रस्ता एकच होता. लूमवरून उतरलेले टॉवेल कापून त्यांचे काठ दुमडून शिवायचं काम कारखानदार बायकांना घरी देत, पण ज्यांच्या घरी मशीन असेल त्यांनाच. दशा वळून मिळायचं त्याच्या कितीतरी पट त्यात मिळे. शेजारची अंधारी खोली रिकामी होणार होती. मशीन आली तर खोली, खोली आली तर स्वतःची चूल, आणि चूल पेटली तर कल्लप्पाला खुशाल सांगता येणार होतं की येत नाही जा.

नवी पेठेतलं पहिलं दुकान मोठं होतं. काचेचं दार, छताला पंखा. चष्मेवाल्या कारकुनानं चौकटी छापलेलं जाड पुठ्ठ्याचं कार्ड दोघांसमोर ठेवलं आणि शाळेत शिकवावं तसं सांगितलं, "हप्ता द्यायला याल तेव्हा हे कार्ड आणायचं. मी पैसे घेणार, चौकटीत शिक्का मारणार, सही करणार. शिक्का बघितल्याशिवाय पायरी उतरायची नाही. माझ्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही बाई, शिक्क्यावर ठेवायचा. हप्ते चुकले तर मशीन उचलून आणू, हे आधीच सांगतो. आणि पगारी जामीनदार लागेल."

रस्त्यावर येईपर्यंत गुरम्माचं तोंड उतरलं होतं. "बगितलंस न्हवं अण्णा? पैसं घेणाराच म्हणतोय, माज्यावर विश्वास ठेवू नका. असल्याच्या दारात कोण जाईल?"

आता काय म्हणावं! त्या दिवशी तिच्याशी सरळ बोललेला तो एकच माणूस होता. पण सरळ बोलणाऱ्याला आपल्याकडं चहासुद्धा कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दुकानदारानं मात्र चहा पाजला. हप्ता इतका बारका सांगितला की गुरम्माला वाटलं, हे तर दशा वळूनही फेडीन. शिवयोगी बोटांवर मोजत बसला. मोजून झाल्यावर त्यानं बहिणीच्या कानात सांगितलं, "ह्येच्याकडनं घेतली तर दोन मशीनीचं पैसं जातील अन् घरात एकच येईल." गुरम्मा कप खाली ठेवून उठली. या धंद्यात ती नवखी होती, पण खुळी नव्हती. तेवढं तरी तिच्या पदरात टाकायलाच पाहिजे.

तिसरं दुकान बाजाराच्या मागच्या बोळात होतं. चार मशिनी, एक बाकडं, भिंतीतल्या कोनाड्यात बसवण्णाची मूर्ती, आणि कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला म्हातारा चनमल्लप्पा. शिवयोगीनं गावाचं अन् बापाचं नाव सांगितलं मात्र, म्हातारा ताडकन उभाच राहिला. "मल्लप्पाची पोरं तुमी? बा मगळे, बा!" ये लेकी, ये. कानडीत अशी हाक तिला बाप गेल्यापासून कुणी मारली नव्हती. हा चनमल्लप्पा तिच्याच माहेरचा, बापाबरोबर गुरं राखलेला. त्यानं आधी बापाच्या आठवणी काढल्या, मग डोळे पुसले, मग मशीन दाखवली.

"काका, जामीन कोण लागंल?" तिनं भीत भीत विचारलं.

"तुजा बाप माजा जामीन," म्हातारा म्हणाला. "अन् हप्त्याचं म्हणशील तर तुजी सवड."

झालं की! गुरम्माच्या डोळ्यांना धार लागली आणि निवडही तिथंच झाली. तुम्हीआम्ही तरी दुसरं काय केलं असतं? कार्ड त्यानंही दिलं, कारण मशीन पाठवणारा पुण्याचा ठोक व्यापारी प्रत्येक मशीनीबरोबर एकेक कार्ड पाठवायचा. त्यावर तिचं नाव घालून म्हातारा म्हणाला, "हे आपलं नावाला. ऱ्हाऊ दे तुज्यापाशी."

पहिला हप्ता घेऊन ती गेली ती मोठ्या तोऱ्यात. स्वतःच्या कमाईचे पैसे एका हातात, कार्ड दुसऱ्या हातात. चनमल्लप्पानं पैशाकडं बघितलं आणि हात मागं घेतला. त्यांच्या गावची रीतच तशी. गावची लेक ती सगळ्या गावाची लेक. तिला द्यायचं असतं, तिच्या हातून घ्यायचं नसतं. लेकीचा पैसा हातावर घेतलेला म्हातारा गावात नाक वर करून चालू शकत नाही. पण पोट तर दुकानावरच. म्हाताऱ्यानं तोड काढली. "बसवण्णापुढं ठेव मगळे. देवापुढचं मी घेतो. लेकीचं न्हाई घेत." गुरम्मानं पैसे कोनाड्यात ठेवले, नमस्कार केला आणि कार्ड पुढं केलं.

म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. "हे काय? लेकीकडनं घेतलं म्हणून सोताच्या हातानं लिवून देऊ व्हय मी? तुज्या बापानं वरनं बगितलं तर काय म्हणंल?" मग तो रुसूनच बसला. दोघांसाठी मागवलेला चहा निवला तरी त्यानं स्वतःचा कप उचलला नाही. गुरम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या माणसाकडं आपण पावती मागितली! घरी येऊन तिनं कार्ड ट्रंकेच्या तळाशी घातलं ते घातलंच.

वैनीनं मात्र टोकलं. "वन्सं, सही घेत जावा. मानूस कितीबी चांगला असू दे, मरायचं काय सांगून मरतंय?" गुरम्माला राग आला. ही बाई कधी तरी शुभ बोलेल का, असं तिला वाटलं. वैनी आयुष्यात एकदा शहाणपणाचं बोलली आणि ते ऐकायला कुणी नव्हतं.

ते वर्ष गुरम्माचं होतं. शेजारची खोली तिनं घेतली. सकाळी भाकरी थापून मशीनवर बसली की टॉवेलांची थप्पी संपल्यावरच उठायची. महिना झाला की कोनाड्यात पैसे ठेवायची, म्हाताऱ्याच्या हातचा चहा प्यायची, कानडीत बापाच्या गोष्टी ऐकायची. वैनीच्या पोरींना तिनं परकर शिवले. वैनीनं दुसऱ्या दिवशी तिच्याकडं आमटीची वाटी पाठवली. कल्लप्पाचा माणूस परत आला तेव्हा शिवयोगीनं त्याला दारातूनच सांगितलं, "ती आता कमावती हाय. येत न्हाई." आत मशीनवर बसलेल्या गुरम्मानं ते ऐकलं आणि पाय जरा जोरात चालवला. हप्ते संपत आले होते.

आणि चनमल्लप्पा गेला. दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली, बाकड्यावर आडवा झाला, संपलं. गुरम्मा बापाला रडली नव्हती तेवढी त्याला रडली.

महिनाभरानं त्याचा मुलगा सिद्धाराम तिच्या दारात आला. पुण्याला नोकरी करणारा, शांत माणूस. दुकान मोडायचं होतं, ठोक व्यापाऱ्याची बाकी भागवायची होती, म्हणून तो घरोघर कार्डं तपासत फिरत होता. गुरम्मानं ट्रंकेतून कार्ड काढून दिलं. त्यानं उलटून पालटून बघितलं.

"ताई, हे तर कोरं आहे."

"सगळं दिलंय दादा. थोडंच ऱ्हायलंय. बसवण्णाची आन."

"दुकानाच्या वहीतही तुमच्या नावापुढं काही नाही." त्याला बोलताना अवघड होत होतं. "बाकी सगळ्यांच्या कार्डावर अप्पांच्या सह्या आहेत. एकूण एक हप्त्याला. तुमच्याच कार्डावर एकही नाही. मी काय समजू?"

खरंच, त्यानं काय समजावं? बाकीचे सगळे गिऱ्हाईक होते. गिऱ्हाइकाला म्हातारा चोख सही द्यायचा. ही एकटीच लेक होती. गुरम्मानं देवापुढच्या पैशांचं सगळं सांगितलं. सिद्धारामनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घरी चला. अव्वाला विचारू. तिला माहीत असलं तर मला कागद नको."

गुरम्माचा जीव भांड्यात पडला. काकूला माहीत नसेल असं कसं होईल?

चनमल्लप्पाची बायको, सिद्धारामची आई बसव्वा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. बोडकं कपाळ, सुजलेले डोळे. भेटायला आलेल्या चारचौघी बायका भोवती होत्या, त्यातल्या दोघी गावाकडच्याच. गुरम्माला बघताच तिनं हात पसरले, जवळ ओढलं आणि दोघी रडल्या. रडणं ओसरल्यावर सिद्धाराम म्हणाला, "अव्वा, गुरम्माताई म्हणतात त्यांनी मशीनचे पैसे दिलेत. अप्पा कधी बोलले होते का?"

"पैसं?" बसव्वानं मान वर केली. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काही उजळलं असेल. "अरे, त्यांनी मला त्याच दिशी सांगितलं होतं. 'आपल्या मल्लप्पाच्या पोरीला मशीन दिली, लेकीकडनं काय घ्यायचं?' असं म्हणाले. लेकीचा पैसा शिवंल असा मानूस न्हवता तो!" ती बायकांकडं वळली. "दुकान बारकं हुतं गं आमचं, पर मन बगा किती मोटं." बायका माना हलवू लागल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला. दुसरी म्हणाली, "देवमानूस बाई, देवमानूस."

म्हातारा घरी येऊन बढाई मारून गेला होता! आता करता काय?

सिद्धारामनं गुरम्माकडं बघितलं. "ताई, तुम्ही तर म्हणालात, दिलेत."

गुरम्माच्या जिभेवर सगळं आलं होतं. घेत होते काकू, दर महिन्याला घेत होते, देवापुढून उचलून गल्ल्यात टाकत होते. एवढंच बोलायचं होतं. पण बसव्वा तिच्याकडं बघत होती. नवरा गेला, दुकान मोडायला निघालं, पोरगा पुण्याला जाणार. त्या बाईकडं उरलं होतं ते एवढंच, की माझा माणूस मोठ्या मनाचा होता. चारचौघींत ते काढून घ्यायचं? रुसून बसलेला म्हातारा आणि त्याचा न उचललेला कप गुरम्माला दिसला. मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं?

अगं बाई, बोल की! जीभ काय गहाण टाकली होतीस? तुझा घाम होता तो, तुझं छप्पर होतं!

"न्हाई," गुरम्मा म्हणाली. "न्हाई घेतलं काकांनी. मी चुकून बोलले."

सिद्धारामचा चेहरा बदलला. इतका वेळ त्यात थोडी दया होती. तो आईला हळूच म्हणाला, "अव्वा, अप्पांनी दिली असेल, पण त्यांनी तरी कुठं पैसे भरले होते? व्यापाऱ्याला पैसे नाहीतर मशीन द्यावीच लागेल." बसव्वा कळवळून म्हणाली, "लेकीची वस्तू काढून नेऊ नगं रे." तो म्हणाला, "माझ्याकडं असते तर मीच भरले असते." आणि ते खरंच होतं. त्या घरात लबाड कुणीच नव्हतं. लबाड ठरली ती एकटी गुरम्मा.

दुसऱ्या दिवशी हातगाडी आली. मशीनवर अर्धा शिवलेला टॉवेल होता, तो हमालानं दोरा तोडून बाजूला काढला. गुरम्मा उंबऱ्यात उभी राहिली. गाडी बोळाच्या तोंडाशी गेली तेव्हा ती दोन पावलं धावली, तोंड उघडलं, आणि नुसतीच उभी राहिली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणंसुद्धा राहिलं नाही.

शिवयोगी संध्याकाळी कपाळ बडवत बसला. "दिलेलं पैसं दिलं न्हाई म्हणून सांगितलंस? डोस्कं ठिकाणावर हाय का तुजं?" नवी पेठेतल्या मोठ्या दुकानातून दुसरी मशीन घ्यावी, तर तिथं जामीन राहतो म्हणून लूमवरचा बिरप्पा मागं म्हणाला होता, त्यानंही अंग काढून घेतलं. फुकटात मशीन उपटायला निघालेल्या बाईला जामीन कोण राहणार? गोष्ट एमआयडीसीभर झाली होती. खोलीचं भाडं थकलं. बोचकं पुन्हा भावाच्या खोलीत आलं. रात्री जेवताना वैनीनं गुरम्माच्या ताटात भाकरी वाढली आणि स्वतःच हुंदका दिला. "म्या सांगितलं हुतं वन्सं," एवढंच म्हणाली.

पुढच्या खेपेला कल्लप्पा स्वतः आला. शिवयोगीनं या वेळी दारातून काही सांगितलं नाही. खाली मान घालून त्याला पाट दिला. गुरम्मा विहिरीवर गेली नाही. माणूस बोलतं तसं करतं थोडंच? ती उठली आणि कपडे भरू लागली.

निघायच्या वेळी बसव्वाची शेजारीण धावत पळत स्टँडवर आली. तिच्या हातात इरकली खण आणि नारळ होता. "बसव्वाकाकूनं धाडलंय. म्हणाल्या, लेक सासरी निगाली, तिला रिकामी कशी लावून द्यायची? त्यांनी मशीन दिली हुती, माज्याच्यानं एवडंच हुतंय." शेजारणीनं तिथंच, गर्दीत, गुरम्माची ओटी भरली. मशीन गेली तेव्हा न रडलेली गुरम्मा त्या खणाकडं बघून ओक्साबोक्शी रडायला लागली. कल्लप्पा गाडीत खिडकीजवळची जागा धरून बसला होता. त्याला वाटलं, भावाला सोडवत नाही म्हणून रडते.

कंडक्टरनं घंटी मारली. शिवयोगी बहिणीचं बोचकं वर देऊन खाली उभा होता. गुरम्मानं दारातूनच वाकून त्याचा हात धरला.

"अण्णा, तुज्या पोरींस्नी कदी काय हप्त्यानं घेशील, तर परक्याकडनं घे," ती म्हणाली. "आपल्या मानसानं माज्यावर लई माया केली रं."